एनके सेल एमएचसी नसलेल्या पेशी मारतो म्हणतात, मग आरबीसी कशा वाचतात?

मायक्रोवाली_राजारामपुरी

नमस्कार मंडळी, एमएस्सी मायक्रो दुसरं वर्ष, कोल्हापूर. पुढच्या आठवड्यात सेमिनार आहे आणि गळ्यात पडलेला विषय म्हणजे एनके सेलचे (नॅचरल किलर, रक्तातली एक पांढरी पेशी) रिसेप्टर टार्गेट कसं ओळखतात. वर्गात आम्हाला सांगितलं ते एवढंच, की पेशीवरचं एमएचसी क्लास वन हे प्रोटीन म्हणजे तिचं आधार कार्ड, एनके सेल गस्त घालत हिंडतो, कार्ड दिसलं की पुढं जातो आणि नाही दिसलं की उडवतो. पाच मार्काला एवढं पुरतं. पण काल रक्तगटाच्या प्रॅक्टिकलला स्लाइड बघता बघता डोक्यात किडा वळवळला की आरबीसीवर क्लास वन जवळजवळ नसतंच, न्यूक्लिअस नाही काही नाही, म्हणजे कार्डच नाही की ओ, आणि मायक्रोलिटरला ५० लाखाच्या आसपास आरबीसी एनके सेलच्या अंगाला घासून जातायत तरी हा एकीलाही हात लावत नाही. का?

दुसरं म्हणजे टी सेलचा रिसेप्टर जीन तोडून जोडून तयार होतो, प्रत्येकाचा वेगळा, हे समजतं. एनके सेल तसलं काही करत नाही म्हणे. मग ठरलेल्या मोजक्या रिसेप्टरवर तो कॅन्सर पण ओळखतो आणि व्हायरस लागलेली पेशी पण ओळखतो हे कसं जमतं?

आणि एनके सेलवरच्या त्या किर रिसेप्टरांचं बारसं कुणी केलंय त्याला एकदा भेटायचंय मला. २डीएल१, २डीएस४, ३डीएल२, वाचून डोळ्यापुढं अंधारी येते. कुणीतरी जरा इस्कटून सांगा, नेटवर शोधलं की सगळं एकदम अंगावर येतंय.


तालमीतला_बायोकेम

ताई, किडा बरोबर जागी वळवळलाय. मी पुण्यात पीएचडीला एनके सेलवरच होतो म्हणून लिहितो, लांबेल जरा, चहा घेऊन बस.

ती आधार कार्डाची गोष्ट निम्मीच आहे. क्लास वन नसणं हे मारायचं कारण नाही, ते नसलं की एनके सेलला थांबवणारं कुणी उरत नाही एवढंच. मारायची सुरुवात दुसरीकडनं व्हावी लागते, समोरच्या पेशीवर चालू करणारं काहीतरी असावं लागतं. आरबीसीवर थांबवणारं नाही हे खरं, पण चालू करणारं पण काही नाही, दोन्ही बाजू रिकाम्या, म्हणून एनके सेल गप्प. झालं तुझं उत्तर. पण सेमिनारला एवढ्यावर भागणार नाही म्हणून पुढं लिहितो.

एनके सेल सापडला १९७५ च्या सुमारास, स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्कामध्ये कीसलिंग, क्लाइन आणि विगझेल यांना, आणि त्याच काळात अमेरिकेत हर्बरमन यांना. आधी कसलीही लस न देता, ओळखपाळख नसताना ट्यूमरच्या पेशी मारतो म्हणून नॅचरल. पण तो नेमकं बघतो काय हे कुणालाच कळंना, सगळे जण ट्यूमरवर काय जास्तीचं आहे ते शोधत बसले होते. आणि १९७१ पासनं एक कोडं पडलेलं होतंच. दोन वेगळ्या जातीच्या उंदरांचं पिल्लू घ्या, त्याच्यात आईचं पण सगळं आणि बापाचं पण सगळं, तरी आईबापातल्या एकाचं बोन मॅरो त्याच्या अंगात घातलं तर ते झिडकारतं. टी सेलच्या हिशोबानं हे व्हायलाच नको, कारण त्या मॅरोत पिल्लाला परकं असं काहीच नाही. हिथं क्लास कॅरे यांनी गणित उलटं मांडलं, की मॅरोत जास्तीचं काही नाही पण पिल्लाकडं आहे त्यातलं अर्धं त्या मॅरोत नाही, आणि एनके सेल नसलेलंच बघतो. मिसिंग सेल्फ म्हणतात ते हेच.

मग १९८६ ला नेचरमध्ये त्यांचा पेपर आला. उंदराचाच एक लिंफोमा, त्याच्या दोन लाइन, आरएमए आणि आरएमए-एस. पहिलीवर क्लास वन भरपूर, दुसरीवर अगदी थोडं. त्याच जातीच्या उंदरात थोड्या थोड्या पेशी टोचल्या तर आरएमएची गाठ वाढली आणि आरएमए-एस साफ झाली. एनके सेल काढून टाकलेल्या उंदरात मात्र आरएमए-एस पण मस्त वाढली. हा एक प्रयोग तुझ्या सेमिनारला पुरेसा आहे, बाकी सगळी वायरिंग नंतर सापडली.

वायरिंग अशी. थांबवणाऱ्या रिसेप्टरच्या शेपटीत, म्हणजे पेशीच्या आतल्या भागात, आयटिम नावाचा तुकडा असतो. रिसेप्टर क्लास वनला चिकटला की आयटिममधल्या टायरोसिनवर फॉस्फेट बसतो आणि तिथं एसएचपी-१ नावाचा फॉस्फटेज येऊन बसतो, जो शेजारीच चाललेल्या चालू करणाऱ्या सिग्नलमधले फॉस्फेट, खास करून व्हॅव-१ वरचे, काढून टाकतो. चालू करणाऱ्या रिसेप्टरांची शेपटी आखूड, त्यांना स्वतःचा सिग्नल नाही, ते डॅप-१२ किंवा सीडी३-झीटा असल्या जोडीदारांचा आयटॅम, म्हणजे चालू करणारा तुकडा, वापरतात, एनकेजी२डी हा डॅप-१० वापरतो. म्हणजे दोघांची मारामारी फॉस्फेट लावणे आणि काढणे यावर, आणि तीही दोन पेशी जिथं चिकटल्यात त्या टिचभर जागेत. म्हणून एकाच वेळी एका बाजूला आजारी आणि एका बाजूला निरोगी पेशी चिकटलेली असली तरी एनके सेल आजारीलाच मारतो.

अजून एक, रक्तातला ताजा एनके सेल हा एका चालू करणाऱ्या रिसेप्टरवर सहसा भुलत नाही. २००६ ला एक एक रिसेप्टर सुटा तपासून बघितलं तर एनकेपी४६ एकटा, एनकेजी२डी एकटा, डीनॅम-१ एकटा, कुणाच्याच्यानं एनके सेलमधले मारायचे दाणे बाहेर पडंनात, पण त्यातला कुठलाही २बी४ बरोबर जोडला की काम चालू. अपवाद फक्त सीडी१६, तो एकटा पुरतो. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पण ह्याच्यातच आहे, रिसेप्टर मोजकेच पण कुठले कुठले एकत्र लागले ह्यावर निकाल ठरतो. आणि ते व्हायरसचं नाव गाव बघत बसत नाहीत, पेशी अडचणीत आल्याची खूण बघतात. एनकेजी२डीला लागतं ते मायका, मायकबी आणि यूएलबीपी गटातली प्रोटीनं, ही निरोगी पेशीवर नसतात किंवा अगदी कमी असतात, डीएनए तुटायला लागला की वर येतात. डीनॅम-१ सीडी१५५ आणि सीडी११२ ओळखतो. एनकेपी३० ला बी७-एच६ चालतं, ते ट्यूमरच्या पेशींवर दिसतं.

लॅबमध्ये हे डोळ्यांनी बघायचं तर के५६२ नावाची ल्युकेमियाची सेल लाइन असते, क्लास वन जवळजवळ नाही आणि चालू करणारं मात्र भरपूर. तिला क्रोमियम-५१ पाजायचं, नीट धुवायचं, एनके सेलबरोबर चार तास ठेवायचं आणि वरचं पाणी काढून गॅमा काउंटरला लावायचं, जेवढी पेशी फुटली तेवढं क्रोमियम बाहेर. एनके सेल कुणाचे? लॅबमधल्याच पोरांचे, सकाळी बाही वर करून बसायचं आणि आपल्याच रक्तातनं फिकॉलवर पेशी काढायच्या. एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांच्या एनके सेलचे आकडे एवढे लांब लांब यायचे की गाइडला वाटायचं पोरांनी पिपेटिंगला झोल केलाय. झोल नसतो, माणसागणिक किर वेगळे असतात.


बिंदूचौक_रिटर्न

नाद खुळा लिहिलंय भावा. आरबीसीवरनं आठवलं, मलेरियाचा जंतू आरबीसीत शिरला की तिच्या अंगावर स्वतःची प्रोटीनं बाहेर काढतो, त्यातली काही रिफिन जातीची, आणि २०१७ मध्ये दाखवलं गेलं की त्यातले काही रिफिन एलआयएलआरबी१ नावाच्या थांबवणाऱ्या रिसेप्टरला जाऊन चिकटतात. म्हणजे आरबीसीवर मुळात क्लास वन नाही तर जंतूनं थांबवायची सोय स्वतःच करून आणली. बेरकी बेणं आहे.


डॉ_शाहूपुरी

बाळ, वरच्यांनी छान लिहिलं आहे. एक गोष्ट राहिली ती मला सगळ्यात आवडते म्हणून लिहितो. पॅथॉलॉजीत आयुष्य गेलं तरी अजून तिचं कौतुक वाटतं.

एनके सेलवर एनकेजी२ए आणि सीडी९४ अशी जोडी असते, तीही थांबवणारी. ही जोडी एचएलए-ई ओळखते (एचएलए म्हणजे माणसातलं एमएचसी; ए, बी, सी हे नेहमीचे क्लास वन). आता एचएलए-ईच्या खाचेत काय बसतं ते बघ. कुठलंही एचएलए-ए, बी किंवा सी तयार होताना त्याच्या सुरुवातीला एक सिग्नलचा तुकडा असतो, जो प्रोटीन ईआरमध्ये, म्हणजे पेशीतल्या प्रोटीन घडवायच्या जागेत, शिरलं की कापून टाकतात. कचराच तो. पण त्या कचऱ्यातला नऊ अमिनो ॲसिडचा एक तुकडा टॅपमार्गे, म्हणजे तुकडे ईआरमध्ये ओढणाऱ्या पंपातून, परत ईआरमध्ये येतो आणि एचएलए-ईच्या खाचेत जाऊन बसतो, आणि तो मिळाला तरच एचएलए-ई पेशीच्या पृष्ठभागावर टिकतं. म्हणजे एनके सेलला प्रत्येक माणसातल्या एचएलए-ए, बी, सीच्या हजारो प्रकारांशी काही देणंघेणं नाही. एक एचएलए-ई बघितलं की आतला सगळा कारखाना चालू आहे का बंद पडलाय ते समजतं. आणि टॅप बंद पडलं तरी तेच कळतं.

सायटोमेगॅलोव्हायरसनं नेमकं हेच हेरलं. त्याच्या यूएस६ ह्या प्रोटीननं टॅप बंद होतं, म्हणजे टी सेलला व्हायरसचे तुकडे दिसत नाहीत. पण मग एचएलए-ईपण जाणार आणि एनके सेल येणार. म्हणून त्याच्या यूएल४० मध्ये तोच नऊ अमिनो ॲसिडचा तुकडा जसाच्या तसा आहे आणि तो टॅपशिवाय एचएलए-ईत बसतो. शिवाय यूएल१८ म्हणून क्लास वनसारखं दिसणारं स्वतःचं प्रोटीन, आणि यूएल१६ मायकबीला आतच धरून ठेवतं म्हणजे एनकेजी२डीला काही दिसू नये. एका व्हायरसनं एनके सेलसाठी एवढी खटपट करावी, यावरून त्याला कोण जड जातं ते समजून घे. काही ट्यूमर तर त्याहून सरळ काम करतात, मायका प्रोटीएजनं छाटून रक्तात सोडून देतात.


मायक्रोवाली_राजारामपुरी

डॉक्टरसाहेब, दादा, दोघांना दंडवत. आमच्या नोट्समध्ये एचएलए-ईची एक ओळ होती, "नॉन-क्लासिकल, लो पॉलिमॉर्फिझम", संपलं.

पण आता नवीन घोळ झाला. किरचे जीन १९ नंबरच्या क्रोमोसोमवर आणि एचएलएचे ६ वर, बरोबर ना? म्हणजे दोन्ही वेगवेगळे वाटले जाणार. मग एखाद्याला किर मिळालं पण त्याला जुळणारं एचएलएच नाही मिळालं तर त्याचे ते एनके सेल थांबणार कशावर? सगळं अंगच खाऊन टाकायला पाहिजेत की.


तालमीतला_बायोकेम

हां, हा प्रश्न सेमिनारला तू विचारायच्या आधी तुला विचारतील बघ.

आधी बारसं उरकू. पहिला आकडा म्हणजे बाहेरच्या बाजूला इम्युनोग्लोब्युलिनसारखे डोमेन किती, दोन का तीन. डी म्हणजे डोमेन. एल म्हणजे लांब शेपटी, त्यात आयटिम, म्हणून थांबवणारा. एस म्हणजे आखूड शेपटी, डॅप-१२ ला धरून चालू करणारा. शेवटचा आकडा नुसता क्रमांक. २डीएल४ जरा वांड आहे, शेपटी लांब असून चालू पण करतो, त्याच्या नादाला सेमिनारला लागू नको.

ओळखायचं काम किती बारीक आहे ते बघ. एचएलए-सीच्या ८० नंबरच्या जागेवर ॲस्परजिन असलं तर तो सी१ गट, लायसिन असलं तर सी२ गट. २डीएल२ आणि २डीएल३ हे सी१ धरतात, २डीएल१ हा सी२ धरतो. आणि किरच्या बाजूनं हे ठरतं ४४ नंबरच्या एका अमिनो ॲसिडवर, २डीएल१ मध्ये तिथं मेथिओनिन, २डीएल२, ३ मध्ये लायसिन. ते एक बदललं की आवड पलटते. २००० साली २डीएल२ आणि एचएलए-सीडब्ल्यू३ एकत्र असलेलं स्फटिक सोडवलं तेव्हा दिसलं की किर क्लास वनच्या माथ्यावर आडवा बसतो आणि खाचेतल्या पेप्टाइडची ७ वी आणि ८ वी जागा पण चाचपतो. ३डीएल१ हा एचएलए-बीतल्या बीडब्ल्यू४ गटाला धरतो.

उंदरात किर नावाला पण कामाला येत नाही, तिथं लाय४९ असतात, ते सी-टाइप लेक्टिनच्या घराण्यातले, घडण अगदी वेगळी, लाय४९ए तर क्लास वनच्या माथ्यावर न बसता खालून येऊन धरतो. १९९२ ला योकोयामांच्या लॅबनं दाखवलं की लाय४९ हाच तो थांबवणारा. दोन जनावरांत दोन वेगळी प्रोटीनं घेऊन तेच काम उभं राहिलंय, शेपटीतला आयटिम मात्र दोन्हीकडं तोच.

आता तुझा घोळ. प्रत्येक एनके सेलवर सगळे किर नसतात, कुठले येतील हे बरंचसं लॉटरीवर. ज्या सेलला स्वतःच्या एचएलएला धरणारा एकही थांबवणारा रिसेप्टर मिळाला नाही तो मोकाट सुटत नाही, उलट मंद पडतो. म्हणजे लहानपणी ज्याला थांबवणारं भेटलं तोच मोठेपणी जोरात मारू शकतो. एज्युकेशन म्हणतात, कुणी लायसेन्सिंग म्हणतात, २००५ ला उंदरात हे नीट दाखवलं. माणसातला पुरावा म्हणजे टॅप नसलेले रुग्ण, त्यांच्या सगळ्या पेशींवरच क्लास वन अगदी कमी, तरी त्यांचे एनके सेल अंग खात नाहीत. तुझ्या क्लासमधल्या गोष्टीवर विश्वास ठेवला तर ही माणसं जन्मालाच यायला नकोत.


पंचगंगा_घाट

मध्ये बोलतोय माफ करा, विषय माझा नाही, मी कॉमर्सवाला, पण हे सगळं वाचत बसलो कारण आईचं ब्रेस्ट कॅन्सरचं ट्रीटमेंट चालू आहे आणि तिला ट्रास्टुझुमॅब लावलंय, दर तीन आठवड्यांनी जातो. तिथं डॉक्टर म्हणाले की हे औषध काही प्रमाणात तुमच्याच पेशींकडून कॅन्सर मारून घेतं. तुम्ही वर सीडी१६ एकटा पुरतो म्हटलाय ते हेच का? साध्या भाषेत सांगाल का.


डॉ_शाहूपुरी

हो, हेच. आईंना बरं वाटो. ट्रास्टुझुमॅब म्हणजे एक अँटिबॉडी. तिची दोन टोकं कॅन्सरच्या पेशीवरच्या हर-२ नावाच्या प्रोटीनला धरतात आणि मागचा दांडा मोकळा राहतो. एनके सेलवरचा सीडी१६ तो दांडा ओळखतो. म्हणजे कॅन्सरची पेशी एनके सेलला स्वतःहून ओळखता येत नसली तरी अँटिबॉडी तिच्याकडं बोट दाखवते, मग एनके सेल परफोरिननं भोक पाडून आत ग्रॅन्झाइम सोडतो. औषधाचं काम एवढंच नाही, हर-२ मधून जाणारा वाढीचा सिग्नलही ते अडवतं, कुणात कशाचा वाटा किती ते आईंच्या ऑन्कोलॉजिस्टना विचारा. रिटुक्सिमॅबही ह्याच वाटेनं चालतं, तिथं टार्गेट बी सेलवरचं सीडी२०.

सीडी१६ मध्येही माणसागणिक फरक असतो. १५८ नंबरला व्हॅलिन असेल तर दांडा घट्ट धरला जातो, फेनिलॲलनिन असेल तर सैल. म्हणून पुढच्या काही औषधांत, उदाहरणार्थ ओबिनुटुझुमॅबमध्ये, दांड्यावरची फ्युकोज ही साखर कमी करून ठेवली आहे, त्यानं सीडी१६ जास्त घट्ट बसतो. ह्यासाठी आईंची काही वेगळी तपासणी करून घ्यायची गरज नाही, उगाच लॅबला पैसे घालू नका.


पंचगंगा_घाट

लई उपकार झाले डॉक्टर. आईला आज हे सांगणार, तिला असलं ऐकायला आवडतं.


बिंदूचौक_रिटर्न

ताई, एक स्लाइड बोन मॅरोवर पण टाक. २००२ ला इटलीतल्या पेरुजाच्या टीमनं सायन्समध्ये छापलं की अर्धा एचएलए जुळणारा डोनर घेतला आणि डोनरच्या किरला जे एचएलए लागतं ते पेशंटकडं नसलं, तर एएमएल ल्युकेमिया परत उलटायचं प्रमाण कमी झालं. नंतर सगळ्याच सेंटरना तसाच रिझल्ट आला नाही, कारण ट्रान्सप्लांटची पद्धत बदलली की गणित बदलतं, ते पण सांग नाहीतर कुणीतरी हात वर करणारच.


मायक्रोवाली_राजारामपुरी

टाकते. वीस मिनिटं दिलीत फक्त, काहीतरी उडवावं लागणार. लाय४९ उडवू का?


तालमीतला_बायोकेम

स्फटिकाचं उडव, लाय४९ एका ओळीत ठेव कारण १९८६ चा प्रयोग उंदराचा आहे, कुणीतरी विचारणारच की हे माणसात कोण करतं. एचएलए-ईला मात्र हात लावू नको. आणि के५६२ चा ग्राफ घेणार असशील तर एक्स अक्षावर इफेक्टर आणि टार्गेटचं प्रमाण लिहायला विसरू नको, निम्मी पोरं तिथंच अडकतात.